वारा, नग एक

"ज्या वाऱ्याले आवाज नाही, त्या वाऱ्यात दम नाही," हे कूलरमामांचं धर्मशास्त्र. बाकीचं सगळं धर्मशास्त्र त्यांनी पाळकसाहेबांवर सोपवलं होतं. हे एक कलम मात्र स्वतःकडे ठेवलं होतं, आणि त्याबाबतीत ते कोणाचंही ऐकत नसत. पेंटेकॉस्टच्या दिवशी, म्हणजे ईस्टर धरून पन्नासाव्या दिवशी, शिष्य बसले होते त्या घरात आकाशातून मोठ्या वाऱ्यासारखा आवाज झाला, अशी कथा आहे. मामा त्यातल्या आवाजावर बोट ठेवत. "पाहा, आधी आवाज आला. गारवा आला का नाही, त्याचं काही लिहेल नाही."

त्यांचं खरं नाव याकोब आहे, हे मी चर्चच्या मंडळीची सेक्रेटरी झाले आणि रजिस्टर हातात आलं तेव्हा मला कळलं. तोवर मी त्यांना चाळीस वर्षं कूलरमामाच म्हणत होते. ते आमच्या चर्चचे शिपाई. घंटा त्यांची, किल्ल्या त्यांच्या, झाडू त्यांचा, आणि मार्च ते जून कूलर त्यांचा. हा कूलर म्हणजे खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर उभा असलेला, दारापेक्षा जेमतेम हातभर बुटका, करड्या रंगाचा एक प्राणी होता. तो सुरू झाला की पहिल्या चार बाकांवर उपदेश ऐकू येत नसे. त्यामुळे आमच्या चर्चमध्ये पहिले चार बाक सर्वांत आधी भरत. बाहेरगावाहून आलेले पाहुणे पाळक ही श्रद्धा पाहून भारावून जात.

माझ्याबद्दल थोडक्यात सांगते. मी नागपूरजवळ वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात डिस्पॅच बघते. कुठल्या ट्रकमध्ये काय चढलं, किती नग, कोणी उतरवून घेतलं, हे कागदावर आल्याशिवाय माझ्या दारातून सुतळीचा गुंडाही बाहेर जात नाही. मंडळीने मला सेक्रेटरी केलं ते याच गुणामुळे, आणि नंतर डोक्याला हात लावला तोही याच गुणामुळे. मामा मला पाठीमागे लिस्टबाई म्हणत. पुढे तोंडावरच म्हणायला लागले. "ही स्वर्गात गेली तं दारावरच उभी राहीन," ते लोकांना सांगत. "देवदूताले इचारन, तुह्या हातात लिस्ट काहून नाही गा?"

आमच्याकडे पेंटेकॉस्ट मे-जूनमध्ये येतो. कधीकधी ऐन नवतपात, म्हणजे उन्हाळ्यातल्या सर्वांत कडक नऊ दिवसांत. ज्यांनी हा हिशेब बसवला ते नागपूरला राहिलेले नव्हते, एवढं नक्की. प्रत्येक शिष्याच्या डोक्यावर अग्नीच्या जिभा उतरल्या, हे इतर गावांत समजावून सांगावं लागत असेल. आमच्याकडे दुपारी बारा वाजता सीताबर्डीवर उभं राहिलं की समजतं. तरीही लोक सणाला येतात. वेदीवर लाल कापड असतं, मुलं लाल कपड्यांत, मोठ्या बायका मात्र पांढऱ्या साड्यांत. पाळकसाहेब दरवर्षी सांगतात की भीतीने दार लावून बसलेली माणसं त्या दिवशी उठून रस्त्यावर आली, बोलायला लागली, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. तो आपल्या मंडळीचा वाढदिवस.

या वाढदिवसाची माझी यादी दोन पानांची असे. त्यात अकराव्या क्रमांकावर लिहिलेलं असे: ‘वारा – मामा – ९.१०.’ उपासना साडेआठला सुरू होई. शास्त्रपाठ वाऱ्यापर्यंत पोचला की पाळकसाहेब हात वर करत आणि बाहेर उभे असलेले मामा कूलरचं बटण दाबत. आदल्या शनिवारी आम्ही याची दोनदा तालीम घेत असू. मामा त्या दिवशी मोटरला तेल देत, वाळ्याच्या ताट्या बदलत, आणि स्वतः दाढी करून येत. "बाकी पुरं वर्ष मी कूलर चालवतो," ते म्हणत. "पन आजच्या दिवशी, बाई, मी वारा सोडतो."

एका वर्षी त्यांनी मला न विचारता कबुतर आणलं. पवित्र आत्मा कबुतरासारखा उतरतो, हे त्यांनी वेदीच्या मागच्या चित्रात पाहिलं होतं. वारा सुटला की टोपलीचं झाकण काढायचं, कबुतर भुर्रकन उडून दारातून आकाशात जाणार, अशी योजना होती. पंखे त्यांनी आधीच बंद करून ठेवले होते. जिवाची काळजी त्यांना होती. झाकण काढलं. कबुतराने मान बाहेर काढली, उघड्या दारातून येणारी झळ पाहिली, मग कूलर पाहिला, आणि टुणटुण चालत जाऊन कूलरसमोरच्या फरशीवर पोट टेकून बसलं. पूर्ण उपदेश संपेपर्यंत ते तिथून हललं नाही. मी बाहेर मामांना गाठलं.

"मामा, हे यादीत नव्हतं."

"त्याले कोन सांगन? बाहेर पंचेचाळीस डिग्री आहे. थे काय येडं आहे उडाले?"

"आता ते जाणार कधी?"

"पहिल्या बाकावरचे जाईन तवा जाईन. त्याच्यात आन् त्याईच्यात काही फरक आहे का?"

त्यानंतर दोन वर्षांनी कागदाचं प्रकरण झालं. अग्नीच्या जिभा दाखवायच्या म्हणून मामांनी लाल पतंगी कागदाच्या पट्ट्या कापल्या आणि कूलरच्या जाळीला बाहेरून बांधल्या. वारा सुटला की त्या फडफडणार. कल्पना चांगली होती, मीही मान्यता दिली आणि यादीत ‘जिभा – मामा’ अशी ओळ घातली. पण शनिवारच्या तालमीतच वाऱ्याने बऱ्याच पट्ट्या सुटल्या. सकाळी मामांनी विचार केला की आतून बांधल्या तर सुटणार नाहीत. कूलरच्या आत वरून पाणी पडतं, हे ज्या माणसाला सगळ्या गावात सर्वांत जास्त माहीत होतं, त्यानेच हे केलं. पतंगी कागदाचा रंग पाण्यात किती वेगाने उतरतो याची मला त्या दिवशी नेमकी माहिती मिळाली. पाळकसाहेबांनी हात वर केला, मामांनी वारा सोडला, आणि पहिल्या चार बाकांवरच्या पांढऱ्या साड्यांवर, टकलांवर आणि पाळकसाहेबांच्या झग्यावर गुलाबी तुषार उडाले.

कोणी ओरडलं नाही. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एक आजी तर डोळे मिटून तोंड वर करून बसल्या. नंतर झगा तीनदा धुतला तरी त्यावर फिकट ठिपके राहिलेच. पाळकसाहेब दर रविवारी तो झगा घालताना एकदा मामांकडे पाहत. मामा एकदा छताकडे पाहत.

या सगळ्यात मला मामांचा राग आला नाही असं नाही, पण तो टिकत नसे. चूक झाली की ते लपवत नसत. उलट मला शोधत येत. "लिही वं बाई, माह्या नावानं लिही," असं म्हणून पेन पुढे करत. माझ्या गोदामात तीस माणसं कामाला आहेत. असं पेन पुढे करणारा एकही नाही.

आता खऱ्या गोष्टीकडे येते. ती वाचकांच्या यादीची आहे.

आमच्या मंडळीत पेंटेकॉस्टला त्या दिवसाची गोष्ट वेगवेगळ्या भाषांत वाचायची रीत आहे. एकेकाने आपला भाग वाचायचा आणि शेवटी सगळ्यांनी एकदम, आपापल्या भाषेत. कोणाचंच काही कळत नाही आणि अंगावर काटा येतो. नागपुरात भाषांना तोटा नाही. मराठी, हिंदी आणि इंग्रजी तर आहेतच. तेलुगू रेल्वेतून निवृत्त झालेले राव अंकल वाचतात, मल्याळम लिलीसिस्टर वाचतात. त्या नर्स आहेत आणि प्रार्थनाही इंजेक्शनसारखी पटकन संपवतात. शिवाय तमिळ आणि छत्तीसगढी. एकूण सात. माझे नियम साधे होते. नाव दोन आठवडे आधी द्यायचं, छापील प्रत एक आठवडा आधी फाईलला लावायची, आणि मोबाईल दाराजवळच्या टोपलीत ठेवायचे.

दरवर्षी नावं घ्यायला लागले की मामा झाडू हातात घेऊन माझ्या टेबलाशी येत.

"मले बी टाक ना वं लिस्टीत."

"कोणती भाषा?"

"आपली."

"मराठी झाली मामा. मराठी पाळकसाहेब वाचतात."

"थे पुस्तकातली. मी आपली म्हनून राह्यलो."

मी सांगत असे की ती बोली आहे, भाषा नाही, आणि तिची छापील प्रत नाही. मामा म्हणत, "बोलाची गोष्ट बोलाले छापील काहून पाह्यजे?" आणि झाडत निघून जात. मग एका वर्षी त्यांनी प्रतच आणून दिली. कूलरच्या नव्या मोटरच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर निळ्या बॉलपेनने पूर्ण गोष्ट लिहिली होती. अक्षर मोठं, ओळी उताराला लागलेल्या. मी पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि पुठ्ठा उलटा ठेवला.

"मामा, लोक हसतील."

"हसन तं हसन. पहिल्या बारीले शिष्याईलेबी लोक हसलेच होते ना? पिऊन आहेत म्हने."

"मंडळीत बरं दिसत नाही ते."

मामांनी झाडू टेबलाला टेकवला. मग म्हणाले, "माही माय दवाखान्यात फरशी पुसे. कधी प्रार्थना नाही केली तिनं तोंडानं. म्हने, देवासमोर पुस्तकावानी बोला लागते, मले नाही येत. मरस्तोवर चूप राह्यली. मले वाटते, एक बार तरी कोनी वेदीवरून तिच्यासारखं बोलावं. बस, एवढंच आहे."

मी म्हटलं, "पुढच्या वर्षी पाहू." आणि पुठ्ठा ‘इतर’ असं लिहिलेल्या फाईलमध्ये टाकला.

इथे मी एक गोष्ट कबूल केली पाहिजे. नियम हे निमित्त होतं. माझे वडील मले-तुलेच बोलत. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरी आजही भाजीवालीशी, भावाशी, कुकरशी मी तशीच बोलते. पण नोकरीला लागले त्या पहिल्याच महिन्यात पुण्याच्या ऑफिसातून फोन आला होता, आणि मी घाईत म्हणून गेले, "ट्रक निघून राह्यला साहेब." पलीकडे दोघे-तिघे हसले. तेव्हापासून गोदामाचं दार उघडताना मी ती भाषा बाहेर ठेवते आणि परत जाताना घेऊन जाते. मामा वेदीवर उभे राहिले असते तर लोक त्यांना नाही, मला हसले असते, असं मला वाटत होतं. दार लावून बसण्यासाठी खोलीच लागते असं नाही.

मागच्या वर्षी चर्चमध्ये एसी आले. एका सभासदाने सहा भेट दिले. काचांना काळी फिल्म लागली, खिडक्यांच्या फटी बुजवल्या गेल्या, आणि कूलर घोडीवरून उतरून मागच्या भिंतीशी तोंड फिरवून बसला. मामांनी एसीखाली उभं राहून बराच वेळ ऐकण्याचा प्रयत्न केला.

"चालू आहे?"

"चालू आहे मामा."

"समजन कसं मंग? आत्मा आला का गेला, काही पत्ताच नाही."

मामांचे गुडघे गेले होते. तो त्यांचा नोकरीतला शेवटचा उन्हाळा ठरला होता. जूनअखेर मुलीकडे कन्हानला जायचं होतं. मी यादी केली. पहिल्यांदाच तिच्यात ‘वारा’ ही ओळ नव्हती. वाचकांची नावं घेतली तेव्हा मामा माझ्या टेबलाभोवती झाडून गेले, पण थांबले नाहीत. मी मुद्दाम हळू लिहीत होते. "काही म्हणायचं होतं का मामा?" मी विचारलं. "नाही वं," ते म्हणाले. "पाय वर घे, झाडू दे." मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

पेंटेकॉस्टच्या सकाळी सगळं यादीप्रमाणे चाललं. सात वाचक वेदीजवळ उभे राहिले, सात छापील प्रती स्टँडवर, मोबाईल टोपलीत. नऊ वाजून दहा मिनिटांनी पाळकसाहेबांनी सवयीने हात वर केला आणि वीज गेली.

सहाही एसी बंद पडले. माईक गेला. काळ्या फिल्ममुळे आत संध्याकाळ झाली. दोनशे माणसं बंद डब्यात बसल्यासारखी झाली आणि दोन मिनिटांत घामाने निथळायला लागली. माझ्या दोन पानी यादीत ‘वीज गेल्यास’ अशी ओळ नव्हती. मी मामांना खूण केली, दारं उघडा. मामांनी आधी पूर्वेचं दार उघडलं. मग लंगडत जाऊन समोरासमोरचं पश्चिमेचं उघडलं.

आणि वारा आला. साधी झुळूक नव्हे. नागपूरची झळ, धुळीसकट, एका दारातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर. दारं धाडधाड आपटली, लाल कापड उडून पाळकसाहेबांच्या डोक्यावर बसलं, स्टँड कोसळला, आणि सातही छापील प्रती छतापर्यंत जाऊन बाकांखाली, बाकांमागे, काही थेट रस्त्यावर गेल्या. आवाज म्हणाल तर विचारू नका. पहिल्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "मामांनी कूलर लावला वाटते."

वारा पडल्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सात वाचक रिकाम्या हातांनी उभे. पाठ कोणालाच नव्हतं. मामा गुडघ्यावर हात ठेवून बाकांखालचे कागद गोळा करत होते.

"थांब बाई, आत्ता जमा करून देतो. माह्याच नावानं लिही."

"कागद राहू द्या मामा," मी म्हटलं. "तुम्ही सांगा गोष्ट."

ते वाकलेलेच राहिले. "माहं नाव लिस्टीत नाही," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. नियम त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होते. मी यादी काढली, राव अंकलच्या पाठीवर ठेवली आणि सातव्या नावाखाली लिहिलं: ‘८. आपली – मामा.’ त्यांच्यासमोर धरली. त्यांनी हात लांब करून, डोळे बारीक करून ती ओळ वाचली. मग कागदाची घडी करून खिशात घातली. मूळ प्रत होती. तरी मी ती परत मागितली नाही.

वेदीच्या पायरीवर उभं राहून त्यांनी घसा साफ केला.

"तं झालं असं का, सारे जनं एका घरात बसून राह्यले होते. दार लावून. काहून? भेव. बाहेर गेलं तं लोक मारन. कोनी कोनासंग बोलून नाही राह्यलं. शिष्याईचा म्होरक्या पेत्र बी चूप, आन् थो काही चूप बसनारा मानूस नाही."

मागे कोणीतरी फिसकन हसलं. मामा थांबले नाहीत.

"मंग एकदमचा आवाज आला. वरून. जसे शंभर कूलर एकाच टायमाले चालू झाले. पुरं घर भरून गेलं. आन् पाह्यते तं काय, एकेकाच्या डोक्यावर आग! आग आहे, पन केस जळून नाही राह्यले."

"अरे बाप्पा!" तिसऱ्या बाकावरून एक आजी म्हणाल्या. या आजी आमच्या मंडळीत वीस वर्षं येत होत्या. त्यांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

"हो ना वं माय! मंग सारे उठले. दार उघडलं. ज्याईले भेत होते त्याईच्याच मधात जाऊन उभे राह्यले आन् बोलाले लागले. तिथं गावोगावचे लोक आले होते. थे म्हनते, अरे, हे तं आपल्यासारखं बोलून राह्यले! ह्याईले कोनं शिकवलं? दुसरे म्हनते, काही नाही गा, पिऊन आहेत साले."

पाळकसाहेबांनी छताकडे पाहिलं. या वेळी पाळी त्यांची होती.

"तं पेत्र उभा राह्यला. म्हने, काही तं इचार करा गा! सकायचे नऊ वाजून राह्यले. नऊ वाजता कोन पेते?"

चर्चमध्ये इतकं मोठं हसू मी कधी ऐकलं नव्हतं. पाळकसाहेब झग्याच्या बाहीने डोळे पुसत होते, त्याच गुलाबी ठिपक्यांच्या बाहीने. लोक मामांना हसत नव्हते, आणि मलाही नाही. गोष्टीला हसत होते. इतकी वर्षं ऐकूनही त्यात हसण्यासारखं काही आहे, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं.

हसू ओसरल्यावर मामा हळू आवाजात म्हणाले, "मंग त्यानं सारं सांगतलं. ज्याले तुमी मारलं थो जित्ता आहे म्हनून. आन् थे भेव कुठं गेलं, काय मालूम. एवढंच आहे." आणि खाली उतरून उरलेले कागद गोळा करायला लागले.

उपासनेनंतर राव अंकल त्यांचा हात धरून म्हणाले, "मामा, तीस साल से सुन रहा हूँ. आज पूरा समझा." तिसऱ्या बाकावरच्या आजी मामांच्या गालावरून हात फिरवून गेल्या.

निरोपाला काय द्यायचं यावर समितीची बैठक झाली. शाल आणि भिंतीवरचं घड्याळ असं ठरत होतं. मामा म्हणाले, "घड्याळ काहून? मले आता कुठीच टायमावर जायचं नाही. द्यायचंच असन तं थो कूलर द्या." ठराव एकमताने मंजूर झाला. आमच्या गोदामाचा एक ट्रक कन्हानला जाणार होता. त्यात कूलर चढवला, ड्रायव्हरशेजारी मामांना बसवलं, आणि पावती फाडायला घेतली. मालाचं वर्णन या रकान्यात मी ‘लोखंडी कूलर, वापरलेला’ असं लिहिलं, मग खोडलं आणि लिहिलं: ‘वारा, नग एक.’ माझ्या नोकरीत मी खोटी नोंद केलेली नाही. हीही नाही.

पावतीची दुसरी प्रत तिसऱ्या दिवशी सही होऊन परत आली. शेऱ्याच्या जागी निळ्या बॉलपेनने, उताराला लागलेल्या अक्षरात लिहिलं होतं: ‘मिळाला. आवाज बराबर आहे.’

या वर्षी यादी करायला बसले तेव्हा मी कन्हानला फोन लावला. म्हटलं, मामा, गाडी पाठवते, या. त्यांनी गुडघ्यांना चार शिव्या घातल्या आणि म्हणाले, "आता तू सांग. तुले येते. तू लपवते."

मी ‘इतर’ची फाईल काढली. पुठ्ठा तिथेच होता. रोज संध्याकाळी फोनवर तालीम सुरू झाली. चार ओळी झाल्या की पलीकडून ओरडा येई. "वाचून राह्यली तू! सांगून नाही राह्यली. कुकरसंग बोलते तशी बोल ना वं!" कुकरचं मी त्यांना कधी सांगितलं होतं, मला आठवत नाही.

रविवारी यादीत दोन नव्या ओळी होत्या. ‘एसी बंद – ९.०८.’ ‘वारा – कन्हान – ९.१०.’ माझा मोबाईल तेवढा टोपलीबाहेर होता. समितीची लेखी परवानगी फाईलला लावली आहे. पाळकसाहेबांनी हात वर केला. मी फोन माईकला लावला आणि म्हटलं, "सोडा मामा."

आधी खट् असं बटण वाजलं. मग घरघर, मग खडखड, आणि मग तो आला. चर्चमधल्या सगळ्या स्पीकरमधून, खिडक्यांच्या काचा थरथरवत, जुना, दमदार, करडा आवाज. मुलांनी कानांवर हात ठेवले. पहिल्या बाकावरच्या बायकांनी सवयीने पांढरे पदर आवरून घेतले. तिसऱ्या बाकावरच्या आजी डोळे मिटून बसल्या होत्या. पुठ्ठा माझ्या हातात होता.

गोंगाटातून मामा ओरडले, "आला का वं आवाज?"

"आला!" दोनशे माणसं म्हणाली.

"मंग थांबली काहून? बोल ना!"

मी पुठ्ठा उलटा ठेवला.

"तं झालं असं का," मी म्हटलं, "सारे जनं एका घरात बसून राह्यले होते. दार लावून."